तक्त्याखालची ओळ

गेल्या उन्हाळ्यात वटारच्या घरी आमची भाची ओटीवर लॅपटॉप उघडून बसली होती. तिच्या एम.ए.च्या प्रकल्पाचा विषय आमच्याच घरातला होता. वसईच्या कुपारी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण कुटुंबांत बोलली जाणारी सामवेदी, म्हणजेच कादोडी, आज कुणाच्या तोंडी किती उरली आहे, याचा तिला शोध घ्यायचा होता. वाडीतल्या, स्वयंपाकघरातल्या आणि नात्यागोत्यातल्या शब्दांची एक यादी करून ती घरोघर फिरली. कुणी किती शब्द ओळखले ते मांडले. जोडीला वय आणि शाळेचे माध्यम. मग ही सारी नोंद 'आर' नावाच्या संख्याशास्त्रीय प्रणालीत घातली आणि समाश्रयणाचा, म्हणजे रिग्रेशनचा, तक्ता आमच्यापुढे ठेवला. म्हणाली, "मामा, तुम्ही कविता शिकवता ना, मग हे वाचून दाखवा."

तक्ता आधी दिसायलाच तयार नव्हता. तिच्या जुन्या लॅपटॉपवर 'माध्यम' या शब्दाच्या जागी कोनी कंसांत युनिकोडचे आकडे आले. 'म' हे अक्षरही तिथे एक सांकेतिक क्रमांक होऊन बसले होते. २०२२ साली आलेल्या ४.२ या आवृत्तीपासून विंडोजवरचा हा आजार बराचसा गेला, असे तिने सांगितले. नवी आवृत्ती उतरवल्यावर अक्षरे आली, पण काने-मात्रांचा हिशेब रकान्यांना जमेना आणि ओळी वाकड्याच राहिल्या. पहिल्या ओळीत इंटरसेप्ट, दुसऱ्या ओळीत वय आणि तिसऱ्या ओळीत एक विचित्र सामासिक शब्द: 'माध्यममराठी'. प्रणाली रकान्याचे नाव आणि गटाचे नाव मध्ये जागा न सोडता चिकटवते. हा समास कसा सोडवायचा, हे आमच्या व्याकरणात नव्हते.

आम्ही विचारले, इंग्रजी माध्यम कुठे आहे? ते तक्त्यात नसते, असे उत्तर आले. गटांपैकी एक गट पाया धरला जातो, त्याची ओळ छापली जात नाही, आणि बाकीच्यांचे गुणांक म्हणजे त्या पायापासूनचे अंतर. पाया कोणता, हे तुम्ही सांगितले नाही तर आर अकारविल्हे पहिला गट घेते. इ हा म च्या आधी येतो, म्हणून इंग्रजी पाया. स्टाटा सर्वांत लहान आकड्याचा गट घेते, एसपीएसएसमधल्या काही पद्धती शेवटचा घेतात. गणित तेच राहते, वाक्य मात्र बदलते: मराठी माध्यमाची मुले अमुक शब्द जास्त ओळखतात, की इंग्रजी माध्यमाची तितकेच कमी? ज्याची ओळ छापलेली नाही तेच प्रमाण ठरते आणि बाकी सगळे विचलन. प्रमाणभाषा आणि बोली यांविषयी वर्गात आम्ही तासन्‌तास जे बोलत आलो, ते इथे अकारविल्हे क्रमाने घडत होते.

रिग्रेशन हा शब्द रूढ करणाऱ्या फ्रान्सिस गाल्टनच्या १८८६ च्या निबंधातही असाच एक पाया दडलेला आहे. ९२८ प्रौढ मुलामुलींची उंची आईबापांच्या उंचीशी ताडताना त्याने प्रत्येक स्त्रीची उंची १.०८ ने गुणली. बायकांना पुरुषांच्या मापात आणल्यावाचून त्याचा तक्ताच सुरू होत नव्हता. (आमच्या सासुरवाडीत हे अजूनही काहींना रास्त वाटेल. असो.)

आमचे लक्ष मात्र नंतर तळाच्या एका बारीक ओळीवर गेले. माहिती अपुरी असल्यामुळे सहा नोंदी वगळल्या, असे तिथे इंग्रजीत लिहिले होते. या सहा कोण? भाची गप्प झाली. तिने वही काढली. त्या सहाही म्हाताऱ्या होत्या आणि त्यांत आमची आई होती.

आई शाळेत गेली नाही. तिच्यापुढे माध्यमाचा रकाना आला तेव्हा भाचीने तो कोरा सोडला. दुसरे काय लिहिणार? आणि एखाद्या रकान्यात कोरी जागा दिसली की आर ती अख्खी नोंद गाळते. आईने यादीतले सगळे शब्द तर ओळखलेच होते, वर दोन शब्दांचे उच्चार दुरुस्त करून यादीत नसलेले आणखी काही सांगितले होते. बोली ज्यांच्याजवळ सर्वांत जास्त होती नेमक्या त्याच बायका शाळेअभावी बोलीच्या अभ्यासातून गेल्या होत्या. तक्ता देखणा करून देणाऱ्या साधनातून काढलेल्या प्रतीत तर ती तळओळही नव्हती. नोंदींची एकूण संख्या तेवढी होती, सहाने कमी.

भाचीने कोऱ्या जागी 'शाळा नाही' असे लिहिले आणि तक्ता पुन्हा काढला. आता वयापुढचे तारे नाहीसे झाले. शाळा नसलेल्या सगळ्याच वृद्ध, तेव्हा बोली वयाने टिकली की शाळा नसल्याने, हे त्या थोड्या नोंदींना वेगळे काढता येईना. प्रमाण त्रुटी फुगली. एका जाणत्याने तिला सल्ला दिला की पहिलाच तक्ता स्वच्छ होता, तोच ठेव. आम्हांला तो सल्ला पटला नाही. ताऱ्यांसाठी आईला गाळायचे, हे तर सोडाच. पण जे वेगळे काढता येत नाही ते येते असे दाखवणारा तक्ता स्वच्छ कसा? पोरीने आमचे ऐकले, की तिचे तिलाच उमगले, कोण जाणे. दुसरा तक्ताच राहिला.

मग तिने आणखी एक केले. पाया बदलण्याची आज्ञा देऊन 'शाळा नाही' हा गट पाया केला. माध्यमांच्या दोन्ही ओळी ऋण झाल्या, इंग्रजीची जास्त, मराठीची थोडी कमी. आमच्या मराठीच्या मास्तरकीला हे ऋणचिन्ह बोचले, हे कबूल करतो.

संध्याकाळी आईने चष्मा पुसत विचारले, "यात मी कुठली?" भाची पडद्याकडे पाहत राहिली. पायाची ओळ छापली जात नाही. तिने लेखनाची फाईल उघडली, तक्त्यात माध्यमांच्या वर हाताने एक ओळ घातली, 'शाळा नाही', आणि तिच्यापुढे शून्य लिहिले. आईला शून्य आवडले नाही. आम्ही समजावू लागलो तोवर ती वालाच्या शेंगा सोलायला आत गेली होती.