सैल मूठ

आमच्या बदनापूर तालुक्यात पाणी घागरीनं मोजायचं. २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी खोडं तोडून सरपण केलं. मी डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन टँकर ते घर खेपा घालत होते. पोहायला येणार कुठून? पुढं मिलिटरी पोलिसात भरती झाले, उंची आणि दम बघून रोइंगला निवडलं गेलं, आणि पुण्यात पहिल्यांदा एवढं पाणी पाहिलं. सुट्टीत आजीला फोटो दाखवला तर म्हणाली, "काय गं माय, रोज एवढ्या पाण्यात जाती अन् रिकाम्या हातानं येती?"

पाण्याला भिणारी मी पहिली नव्हे. तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ विहिरी खोदायच्या कामावर जायचे. २०१२ला खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये आले तेव्हा त्यांनाही पाण्याची भीती होती. २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये ते सिंगल स्कलमध्ये, म्हणजे एकट्याच्या बोटीत, तेरावे आले, २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्ण. पोरांना सांगायला ही गोष्ट आहे. पोरींसाठी जरा शोधावं लागतं : २०१०ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत प्रतिमा पुहाना आणि प्रमिला प्रभा मिंझ यांनी कांस्य आणलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. ऑलिंपिकमध्ये बायकांचं रोइंग आलंच मुळी १९७६ला, तेही १००० मीटर. पुरुषांएवढे २००० मिळायला १९८८ उजाडलं.

फौज काय, खेळ काय, शेवटी शिस्तच, असं लोक म्हणतात. मला नाही पटत. फौज हाताला आवळायला शिकवते. परेडमध्ये मूठ बंद, रायफल खांद्यात घट्ट, श्वास रोखलेला. बोटीत सगळं उलटं. वल्हं बोटांच्या आकड्यात नुसतं अडकवायचं. पातं पाण्यात पडलं की आधी पाय, मग पाठ, हात सगळ्यात शेवटी. आणि सीट पुन्हा पुढं सरकते तेव्हा, रिकव्हरीत, बोट अंगाखालून पळू द्यायची. तिथं घाई केली की ती अडखळते, बैलगाडीच्या चाकाखाली दगड यावा तशी. पहिले चार महिने पाचशे मीटरवर माझे हात कोपरापर्यंत लाकूड व्हायचे. एका सकाळी कोच म्हणाले, बोटं उघडी ठेवून वल्हव. मला हंडा आठवला. मान ताठ केली की तो हिंदकळतो, सैल सोडली की गप बसतो. त्या दिवशी बोट पहिल्यांदा सरळ गेली.

दुपारी फायरिंग रेंजवर गेले तर नेम सगळे इकडंतिकडं. हात अजून पाण्यावरच होता.

वेळेचं गणित त्यामानानं सोपं. रोइंगचा कॅम्प असला की गेट ड्यूटी माफ असते. पण माफ म्हणजे रात्री दोन ते चार माझ्या जागी दुसरी कुणी उभी राहते, आणि सकाळी चहाच्या रांगेत तिच्या डोळ्यांत ते दिसतं. बढतीचा कॅडर कोर्स चुकवला तर रँक अडकते, केला तर अख्खा सीझन जातो. मी एकदा कोर्स घेतला, एकदा सीझन. दोन्ही वेळा घरून एकच प्रश्न : लग्नाचं काय?

खरं अडलं ते बोटीपाशी. सिंगल स्कल असतं जेमतेम १४ किलोचं, पण ते माणसाच्या वजनाच्या मापानं बांधतात. मी ५८ किलोची, माझ्या वाट्याला आली ८५ किलोच्या गड्याची बोट. ती पाण्यावर उंच तरंगते, वारा लागला की वाकडी जाते. पातं बुडवायला हात छातीपर्यंत उचलावे लागतात, फिनिशला मुठी बरगडीवर आदळतात. उंची कमी करायला ऑरलॉकखालच्या, म्हणजे वल्हं अडकवायच्या कडीखालच्या, चकत्या एकेक करून काढल्या. शेवटी काढायला एकही उरली नाही.

भरतीच्या दिवशी आमच्या पायाचं माप घेऊन बूट दिले होते. बोट देतानाही पोरीला एकदा वजन विचारा.