बंगालच्या स्वाऱ्यांचा हिशेब

नागपूरकर भोसल्यांच्या पराक्रमावर लेख हवा आणि तो सर्वसामान्य वाचकाला समजेल असा हवा, ही संपादकांची मागणी रास्त आहे. पण पराक्रमाचा इतिहास लिहायचा तर आधी फौजेच्या खर्चाचा इतिहास लिहावा लागतो, आणि तिथे सर्वसामान्य वाचकाचा धीर सुटतो, हा माझ्या विषयाचा जुना अडथळा आहे. नागपुरात या घराण्याविषयी आस्था भरपूर आहे, माहिती मात्र तुटपुंजी. महालातल्या नगारखान्यासमोरून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की त्यामागचा काळ्या पाषाणाचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला. भोसले हे आडनाव ऐकून या नागपूरकर घराण्याच्या पहिल्या रघूजींना शिवछत्रपतींचे थेट वंशज समजणारे तर पावलोपावली भेटतात. याहून मोठा गैरसमज बंगालच्या स्वाऱ्यांविषयी आहे. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरच्या फौजा वारंवार बंगाल, बिहार आणि ओडिशात उतरल्या. आपल्याकडे ही मुलूखगिरी 'अटक ते कटक' या अभिमानाची दुसरी बाजू ठरली. बंगालमध्ये तिची आठवण बाळाला निजवताना म्हणायच्या गाण्यात राहिली, आणि त्या गाण्यातला 'बर्गी' म्हणजे आपला घोडेस्वार. एकीकडे साम्राज्यविस्तार आणि दुसरीकडे निव्वळ दरोडेखोरी, अशा दोन टोकांवरून ही चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे. माझे मत असे की दोन्ही पक्ष फौजेच्या स्वभावाविषयी बोलतात आणि तिच्या पगाराविषयी बोलत नाहीत. अठराव्या शतकातली फौज मुलखात कशी वागली हे ती कोणत्या पैशावर उभी होती यावरून कळते, आणि नागपूरकरांच्या इतिहासात याचा पुरावा जितका स्वच्छ मिळतो तितका क्वचितच कुठे मिळतो.

थोडे तांत्रिक बोलणे इथे टळत नाही. मराठी घोडदळात बारगिराचा घोडा सरकारचा असे आणि शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदाराचा घोडा मेला की त्याचे भांडवलच बुडाले, म्हणून समोरासमोरच्या लढाईपेक्षा झटपट दौड आणि रसद तोडणे त्याला परवडे. मोहिमेच्या आरंभी त्याला नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम द्यावी लागे. ती सरदाराच्या खजिन्यात नसे, सावकाराकडून येई. सावकार ज्या तारणावर रक्कम देई ते तारण म्हणजे न जिंकलेल्या मुलखाची चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा. भोसल्यांचा 'घासदाणा' नावाचा आणखी एक हक्क होता, नावाप्रमाणेच फौजेच्या चाऱ्यादाण्यापोटी वसूल होणारा. दसऱ्याला निघायचे, चौथाई ठरवून घ्यायची, खंडणीची रक्कम किंवा तिच्यासाठी ओलीस घ्यायचे आणि पावसाळ्याआधी घरी परतायचे, असे हे गणित होते. समोरच्या सुभेदाराने करार केला तर मुलूख बऱ्यापैकी वाचे. करार केला नाही तर सावकाराचा तगादा आणि शिलेदारांचे थकलेले रोजमुरे यांचा भार थेट रयतेवर पडे. मुलूखगिरीतला हिंसाचार समजून घ्यायचा तर तो या दुसऱ्या शक्यतेपासून सुरू करावा लागतो.

१७४२ साली नेमके हेच घडले. १७४० मध्ये गिरियाच्या लढाईत नवाब सरफराजखानाला मारून अलिवर्दीखान बंगालच्या गादीवर बसला होता. त्याचा अंमल पुरता बसलेला नव्हता आणि ओडिशातून हुसकावलेला मीर हबीब मराठ्यांना येऊन मिळाला. रघूजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर छोटा नागपूरच्या डोंगरांतून पाचेटमार्गे बर्द्वानजवळ उतरले आणि त्यांनी दहा लाख रुपये मागितले. अलिवर्दीने नकार दिला. नवाबाची फौज कोंडीत सापडताच मागणी एक कोटीवर गेली, वर सगळे हत्तीही हवे होते. या दोन आकड्यांमधले अंतर मला कोणत्याही लढाईच्या वर्णनापेक्षा बोलके वाटते. इथे राज्य घेण्याचा बेत दिसत नाही, कर्ज फेडून वर काही उरवण्याचा बेत दिसतो. पुढे मुर्शिदाबादेत जगत्‌शेठाची पेढी लुटली गेली, हुगळी हाती आली, आणि मग ती घातक गोष्ट घडली जिच्याकडे आपल्या इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही: फौज पावसाळ्यात परतली नाही. मीर हबीबच्या सल्ल्याने तिने काटव्याला छावणी केली. हजारो घोड्यांना रोज दाणा लागतो, वैरण लागते. भागीरथीच्या काठचा तो पाणथळ, भातशेतीचा मुलूख ते कुठून देणार? दुसऱ्याच्या मुलखात पगाराविना पावसाळा काढणारी फौज कही, म्हणजे दाणावैरण आणणारी टोळी, पाठवून गावे ओरबाडते. काटव्यालाच त्या शरद ऋतूत भास्कररामांनी दुर्गापूजा मांडली, आणि पूजेच्या धामधुमीत अलिवर्दीने नदी ओलांडून छावणीवर छापा घातला. मराठी ग्रंथांत हा छापा सविस्तर येतो. त्याआधीचे चार महिने गावांवर काय गुदरले याला मात्र ओळ-दोन ओळी मिळतात.

ते काय गुदरले हे सांगणारा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार गंगाराम नावाचा बंगाली कवी. त्याच्या 'महाराष्ट्र पुराण' या काव्याच्या हस्तलिखितावर बंगाली सन ११५८, म्हणजे इसवी सन १७५१-५२, असा काळ आहे. १९६५ मध्ये डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी ते इंग्रजीत आणले. या काव्यातला पळापळीचा भाग अभ्यासकाने पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. पोथ्यांचे भारे घेऊन ब्राह्मण निघाले आहेत, सोनार तराजू आणि वजने घेऊन, कासार तांब्यापितळेची भांडी घेऊन, कुंभार चाक घेऊन, कोळी जाळी घेऊन. प्रत्येक जातीच्या हातात तिच्या पोटापाण्याचे साधन आहे. ज्या बायकांनी कधी रस्ता पाहिला नाही त्या डोक्यावर बोचकी घेऊन चालत आहेत, गरोदर बायांना वाटेतच कळा येत आहेत. मग घोडेस्वार गाठतात, रुपये मागतात. रुपये न निघाल्यास नाकात पाणी ओततात, हात तोडतात, नाक-कान कापतात, बायकांवर अत्याचार करतात, घरे पेटवतात. धान्याची टंचाई अशी की केळीचे कंद उकडून खाण्याची पाळी येते. मी हे सौम्य करून लिहिलेले नाही आणि वाचकानेही सौम्य करून वाचू नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ही शत्रूची साक्ष आहे. आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गंगाराम वाचलेला नसतो, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते. त्याच्या काव्याची सुरुवात बंगालच्या पापाने होते. लोक अधर्माने वागू लागले म्हणून पृथ्वी गाऱ्हाणे नेते, शंकर नंदीला शाहूराजाकडे पाठवतात, आणि शाहूला बंगालची थकलेली चौथाई आठवते. म्हणजे या कवीच्या लेखी मराठे देवाच्या आज्ञेने आले आहेत. त्यांनी ब्राह्मण-वैष्णव आणि स्त्रिया यांना छळले तेव्हा भवानीने त्यांचा पक्ष सोडला, एवढेच तो म्हणतो. इतक्या सहानुभूतीने सुरू होणारी साक्ष शत्रूची म्हणून बाजूला सारता येत नाही. शिवाय तो एकटा नाही. बर्द्वानच्या राजाच्या आश्रयाला असलेल्या बाणेश्वर विद्यालंकाराने १७४४ मध्ये 'चित्रचंपू' हे संस्कृत काव्य रचले, आणि गरोदर स्त्रिया, बालके, ब्राह्मण यांच्या हत्येचा उल्लेख त्यातही आहे. फारसी तवारिखा आणि युरोपीय कोठ्यांची कागदपत्रेही याला दुजोरा देतात. भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, आश्रयदाते वेगळे, आणि वर्णन तेच. पुराव्याचा कायदा जाणणाऱ्या कोणालाही याचे वजन कळेल.

आकड्यांच्या बाबतीत मात्र मी दुसऱ्या पक्षाशी भांडतो, आणि या वादावर थोडे जास्त लिहितो याबद्दल वाचकाने रागावू नये. या स्वाऱ्यांत चार लाख माणसे मेली असे हल्ली बिनदिक्कत छापले जाते. त्या आकड्याचे मूळ बंगालमधल्या डच कंपनीच्या एका प्रमुखाच्या अंदाजात आहे. त्याच्याकडे खानेसुमारी नव्हती, परगणेवार यादी नव्हती. विणकर पळाले, कापडाचा पुरवठा तुटला, भाव चढले, हे त्याला दिसत होते, आणि मालकांना तोट्याचे कारण सांगणे हे त्याचे कामच होते. परागंदा झालेले, उपासमारीने गेलेले आणि तलवारीने मेलेले यांत त्या अंदाजात फरक कसा करायचा? आयर्लंडच्या इतिहासात हाच प्रश्न याहून उग्र रूपात आला. १६४१ च्या उठावात आयरिश कॅथलिकांनी प्रॉटेस्टंट वसाहतवाल्यांवर हल्ले केले. वाचलेल्यांच्या सुमारे आठ हजार जबान्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत. त्यांच्या आधारावर सर जॉन टेंपलने १६४६ मध्ये लाखांच्या घरातले आकडे छापले आणि १६४९ मध्ये क्रॉमवेलने द्रॉहेडातली कत्तल त्या रक्ताचा सूड म्हणून मांडली. आज जबान्या एकेक करून तपासणारे इतिहासकार काही हजारांच्या आकड्यावर येतात. फुगवलेला आकडा पुढच्या विजेत्याच्या हातात शस्त्र होतो, हा त्यातला धडा आपल्यालाही लागू आहे: बर्गींपासून बंगालला आपणच वाचवले, ही कहाणी इंग्रजांच्या कंपनीने पुढे चांगली वापरली. पण दुसरा धडाही तिथलाच आहे. आकडा कोसळला म्हणून जबान्या तपासणाऱ्या या इतिहासकारांनी त्या सरसकट खोट्या ठरवल्या नाहीत. एका गावातल्या एका बाईची साक्ष खरी असायला लाखाच्या आकड्याची गरज नसते.

दुसरा आक्षेप असा की त्या काळी सगळ्याच फौजा असे वागत. नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्लीत काय केले ते आठवा, असे म्हटले जाते. तुलना करायचीच तर लांब जायला नको. १७४३ मध्ये खुद्द नानासाहेब पेशवे फौज घेऊन बंगालात उतरले ते अलिवर्दीच्या बाजूने. फौजेच्या खर्चापोटी बावीस लाख रुपये घेऊन त्यांनी रघूजींना बाहेर काढले, आणि मग शाहू महाराजांना दोघांची समजूत काढून मुलुखांची वाटणी करावी लागली. ज्यांना या स्वाऱ्यांत एका ध्वजाखालचा विस्तार दिसतो त्यांनी पेशवे दफ्तरातून इतिहासकार सरदेसायांनी निवडून छापलेला नागपूरकर भोसल्यांवरचा विसावा खंड चाळावा. त्यात कर्ज, वाटणी आणि एकमेकांविषयीचा संशय ठायी ठायी आहे. पुढच्या वर्षी, ३१ मार्च १७४४ रोजी, मानकरा या ठिकाणी तंबूत बोलणी करण्यासाठी बोलावून अलिवर्दीने भास्कररामांना सरदारांसह कापून काढले. तो विश्वासघात होता यात शंका नाही. त्याविषयी आपण हळहळतो, आणि ती हळहळ योग्यच आहे. बंगालच्या आठवणीत तोच दिवस सुटकेचा आहे, हेही आपल्याला ठाऊक हवे.

माझ्या म्हणण्याचा खरा कस इतरत्र लागतो. फौजेचा स्वभावच क्रूर असता तर ती सगळीकडे तशीच वागली असती. देवगडच्या गोंड राज्यात वारसाचा तंटा पेटल्यावर राणी रतनकुंवरने रघूजींना बोलावले. राज्याची सत्ता त्यांच्या हाती गेली, पण बुऱ्हाणशहा नाममात्र राजा म्हणून राहिला आणि त्याचे वंशज नागपुरात नांदले. इथे महसूल कायमचा आपला होता, म्हणून कुणबी आणून जमिनी लागवडीखाली आणणे फायद्याचे होते. वऱ्हाडात निजामाबरोबर दुअमली चालली, रयतेला दोन धनी झाले आणि तिची ओढाताण झाली, पण वसुलीचे प्रमाण ठरलेले होते. आणि ओडिशा पाहा. १७५१ च्या तहाने बंगालची चौथाई वर्षाला बारा लाख ठरली, सुवर्णरेखा ही सीमा झाली आणि ओडिशाचा महसूल नागपूरच्या फौजेच्या पगारासाठी लागला. त्यानंतर बंगालवरच्या वार्षिक स्वाऱ्या थांबल्या. स्टर्लिंगसारख्या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ओडिशातल्या मराठी अमलाचे काळेकुट्ट चित्र रंगवले आहे, आणि जबर वसुलीच्या तक्रारी सगळ्या खोट्या नाहीत. पण जगन्नाथपुरीची यात्रा चालू राहिली, देवस्थानाची व्यवस्था लागली, शिवभट साठ्यांसारखे सुभेदार कटकेत बसून कारभार करू लागले. फौज नागपूरची, सरदारही बहुतेक त्याच पिढीचे. बदलला होता तो पैशाचा मार्ग.

मग यातून दोष हलका होतो का, असा प्रश्न कोणी विचारेल, आणि तो सर्वांत गंभीर आक्षेप आहे. माझे उत्तर नाही असे आहे. कर्जाने फौज परमुलखात ढकलली हे खरे. घरे पेटवण्याचे हुकूम माणसांनी दिले. १७४४ च्या स्वारीत दिसेल त्याला मारा असे भास्कररामांनीच सांगितले, असे गंगाराम म्हणतो. एका कवीच्या शब्दावर तो हुकूम सिद्ध मानता येणार नाही, पण तो नाकारणारा कागदही आपल्याजवळ नाही. पावसाळ्यात छावणी ठेवायची की परतायचे, हा निर्णय नेत्यांच्या हातात होता, आणि त्यांनी तो रयतेच्या जिवावर घेतला. कारण शोधणे हे इतिहासकाराचे काम आहे. ज्याला कारण सापडले तो क्षमाही करतो, असे समजणाऱ्यांना मात्र आता तेच तेच उत्तर देऊन मी थकलो आहे.

नागपूरकरांनी तामिळ मुलखापासून सुवर्णरेखेपर्यंत घोडी नेली. १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेतली, चंदासाहेबाला साताऱ्यास कैदेत आणले. या घराण्याचा अभ्यास करताना मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही. पण आपल्या विद्यापीठांत आणि संशोधन मंडळांत या विषयावर काम करणारी तरुण मुले अजूनही केवळ मराठी आणि इंग्रजी साधनांवर प्रबंध पुरे करतात. बंगालचा भाग इंग्रजी अनुवादावर आणि ओडिशाचा भाग गॅझेटियरवर भागवला जातो. ज्यांना मोडी येते त्यांनी बंगाली आणि ओडिया शिकावी. फारसी शिकता आली तर उत्तमच. नागपूरच्या इतिहासाचा निम्मा पुरावा त्या भाषांत आहे, आणि ज्यांच्या गावांतून आपल्या फौजा गेल्या त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत वाचल्याशिवाय पहिल्या रघूजींचे चरित्र कोणी लिहायला घेऊ नये, अशी माझी विनंती आहे.