दमसास

गेले तीन विकांत मी बाखच्या मागे आहे. म्हणजे बाखच माझ्या मागे लागलाय म्हणा ना!

कामानिमित्त जर्मनीत आलो, कॉलेजात वाजवायचो तो ट्रम्पेट पुन्हा बाहेर काढला आणि एका हौशी ब्रास क्विंटेटमध्ये शिरलो. दोन ट्रम्पेट, एक हॉर्न, एक ट्रॉम्बोन, एक ट्यूबा. कॉम्प्युटरवाला म्हणून अरेंजमेंटचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

निवडला 'आर्ट ऑफ फ्यूग'मधला पहिला कॉन्ट्रापंक्टस. हा संग्रह बाख गेल्यावर १७५१ साली छापला गेला, आणि कुठल्या वाद्यासाठी आहे ते त्यात लिहिलेलंच नाही. चार आवाज, चार ओळी. म्हटलं, सोप्पंय! वरचे दोन ट्रम्पेटना, तिसरा हॉर्नला, खालचा ट्रॉम्बोनला, आणि भारदस्त वाटावं म्हणून तोच एक सप्तक खाली ट्यूबाला. मूळ डी मायनर. बी फ्लॅट ट्रम्पेटसाठी ते ई मायनरमध्ये लिहायचं, एफ हॉर्नसाठी ए मायनरमध्ये. ते म्यूझस्कोअरने करून दिलं. प्ले दाबलं, ७८ बार झकास वाजले.

तालमीत मात्र आमचे ट्यूबावाले आजोबा (मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणतो) अर्ध्यावरच स्वर गाळायला लागले. चेहरा लालबुंद. शेवटी ट्यूबा पेटीत ठेवताना सहज म्हणाले, "आता कोणीतरी तरुण बघा."

'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे मी टेस्टर लोकांना कितीदा ऐकवलंय. त्या दिवशी तोंडच उघडवेना. आयुष्यभर वाजवत आलेला माणूस माझ्या एका फाईलमुळे घरी बसणार होता.

घरी येऊन पुन्हा बसलो. सॉफ्टवेअरला दम लागत नाही. ऑर्गनलाही नाही, तिथे हवा भाता पुरवतो. आपल्याकडे गवयाचा दमसास बघतात, आणि मी पाच माणसांसाठी लिहिताना तोच विसरलो होतो!

मग लक्षात आलं: आवाज चार, माणसं पाच. म्हणजे कोणीतरी एक जण कायम थांबू शकतो! खालची ओळ ट्रॉम्बोन आणि ट्यूबात वाटली. एकाचा शेवटचा स्वर तोच दुसऱ्याचा पहिला, म्हणजे सांधा कळत नाही. ट्रॉम्बोन खाली नसेल तेव्हा त्याने हॉर्नची ओळ घ्यायची. गंमत म्हणजे आधी गर्दीत हरवणारा विषय आता स्वच्छ ऐकू यायला लागला, कारण ट्यूबा गप्प राहून मग येत होता.

शेवटाजवळ बाखने दोनदा सगळ्यांनाच थांबवलंय. एकदम शांतता. परवाच्या तालमीत त्या शांततेत मला शेजारून आजोबांनी घेतलेला लांब श्वास ऐकू आला.

ट्यूबा पेटीत गेला. तरुण माणसाचा विषय काही निघाला नाही. फक्त म्हणाले, "पुढच्या शनिवारी सातलाच ना?"