फाटलेल्या आवाजाच्या गावी

लंडनला जाऊन आलेल्या माणसाने काय सांगावे, याची एक ठरलेली रीत आहे. राजवाडा, वस्तुसंग्रहालय, थेम्सवरचे पूल आणि पार्लमेंटचे घड्याळ एवढे सांगितले की ऐकणाऱ्याचे समाधान होते. २०२४ सालच्या उन्हाळी सुटीत आम्ही सपत्नीक चिरंजीवांकडे गेलो, तेव्हा हे सारे पाहिलेच. परंतु बेळगावास परतल्यावर ज्याची आठवण वरचेवर येत राहिली, ते स्थळ कोणत्याही प्रवासी कंपनीच्या पत्रकात सापडावयाचे नाही. ते म्हणजे पश्चिम लंडनमधील हॅनवेल नावाचे एक साधेसे उपनगर. तेथे आम्ही गेलो ते एका आवाजाच्या शोधार्थ. आणि तोही कसला, तर फाटलेल्या आवाजाच्या!

‘आवाज फाटणे’ म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको. गणपतीच्या मांडवात कर्ण्यातून आरती सुरू झाली आणि यंत्राची कळ कोणी शेवटपर्यंत पिळली की जो प्रकार होतो, तो आपण सर्वांनी सोसलेला आहे. सरकारी शाळेतील आमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत स्नेहसंमेलनाच्या दिवशी मांडववाल्यास “आवाज फाटतोय, कमी करा” असे आम्ही किती वेळा बजावले असेल, याची गणती नाही. फाटलेला आवाज म्हणजे दोष, ही आमची जन्माची समजूत. ज्या गावी हा दोष गुण म्हणून घडविला गेला, त्या गावी आमचे चिरंजीव आम्हांस घेऊन जाणार होते.

येथे थोडे मागे जाऊन एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या वडिलांनी घेतलेला व्हॉल्व्हचा रेडिओ आमच्या घरी होता. कळ फिरवली की लगेच आवाज येत नसे. आतील नळ्या तापेपर्यंत थांबावे लागे. मग तो हिरवा डोळा उजळे आणि सांगली नाही तर धारवाड बोलू लागे. त्याच्या परवान्याचे पैसे भरण्यास वडिलांचे बोट धरून आम्ही पोस्टात गेल्याचे आठवते. पुढे तो मुका झाला आणि माळ्यावर गेला. २०११ साली चिरंजीव नववीत असताना त्यांनी तो खाली काढला, उघडला आणि पुस्तके सोडून त्यातच डोके घातले. सहामाहीत गणिताचे गुण घसरले. एका रविवारी ते शिकवणीस गेले असता आम्ही तो रेडिओ भंगारवाल्यास देऊन टाकला. मुलगा घरी आला, रिकाम्या टेबलाकडे त्याने पाहिले आणि हातपाय धुऊन अभ्यासास बसला. रडला नाही, रागावला नाही. मात्र त्या दिवसापासून आपल्या आवडीची कोणतीही गोष्ट त्याने आम्हांस विचारली नाही. पुढे तो अभियंता झाला, परदेशी गेला, दर रविवारी नेमाने फोन करू लागला. पण फोनवर बोलणे व्हायचे ते हवापाण्याचे आणि प्रकृतीचे.

म्हणून त्या सकाळी तो आपणहून म्हणाला, “बाबा, आज तुम्हांला माझ्या आवडीची एक जागा दाखवतो,” तेव्हा गुडघ्याची तक्रार असतानाही आम्ही ताबडतोब पायांत बूट चढवले.

हॅनवेलचे स्थानक लहानसे, जुन्या घडणीचे आहे. जवळच ब्रेंट नदीच्या खोऱ्यावरून रेल्वेचा विटांचा उंच कमानदार पूल जातो. ब्रुनेल या विख्यात अभियंत्याने १८३०च्या दशकात बांधलेला हा व्हार्नक्लिफ पूल आजही गाड्यांचा भार वाहतो. पलीकडे कालवा आहे आणि नावा पायरीपायरीने चढवण्या-उतरवण्यासाठी त्यावर ओळीने सहा जलद्वारे आहेत. मे महिना असूनही वारे अंगाला झोंबत होते. आमच्या सौभाग्यवतींनी शालीवर शाल घेतली होती.

अक्सब्रिज रोड हा तेथील हमरस्ता. त्यावर ७६ क्रमांकाच्या जागी १९६० साली जिम मार्शल या गृहस्थांनी वाद्यांचे दुकान घातले. आज तेथे त्यांची आठवण सांगणारा फलक आहे. एरवी रस्त्याने जाणाऱ्याचे लक्षही जाऊ नये, अशी ती जागा. १९२३ साली जन्मलेल्या मार्शल यांस लहानपणी हाडांचा क्षय झाला आणि बालपणाची कित्येक वर्षे प्लास्टरमध्ये गेली. शाळा अशी झालीच नाही. पुढे ते ड्रम वाजवू लागले, मग शिकवू लागले आणि शिकवणीच्या पैशांतून त्यांनी हे दुकान उभे केले. हे ऐकून आम्हांस त्यांच्याविषयी एकदम आपुलकी वाटली. मास्तरकीच्या मिळकतीतून दुकान उभे राहणे ही मुळीच साधी गोष्ट नव्हे!

दुकानात येणाऱ्या तरुण गिटारवादकांना अमेरिकन फेंडर कंपनीचे ॲम्प्लिफायर हवे असत. पण आयातीमुळे ते फार महाग पडत. तेव्हा दुकानातील दुरुस्तीकाम करणारे केन ब्रॅन आणि ईएमआय कंपनीत उमेदवारी करणारा डडली क्रेव्हन नावाचा तरुण यांनी फेंडरच्या ‘बासमन’ची आखणी पुढे ठेवून स्वतःचे यंत्र जुळवले. काही नमुने नापसंत झाले आणि १९६२ साली ‘जेटीएम ४५’ हे यंत्र विक्रीस आले. जिम व त्यांचे पुत्र टेरी मार्शल यांची आद्याक्षरे त्या नावात आहेत. बापलेकांचे नाव एका यंत्रावर, हे चिरंजीवांनी सहज सांगितले; आम्ही मात्र उगाच फलकाकडे पाहत राहिलो.

नक्कल करताना एक फरक पडला होता. पहिल्या टप्प्यास अमेरिकन यंत्रात जो व्हॉल्व्ह असे, त्याच्या जागी येथे ईसीसी ८३ बसवला गेला. त्याची आवाज वाढवण्याची शक्ती दुपटीहून जास्त. त्यामुळे हे यंत्र लवकर ‘भरू’ लागले. तांब्याखाली नळ सोडावा आणि तांब्या भरून वाहू लागावा, तसे. व्हॉल्व्हची धारणा संपली की स्वराच्या लाटेचा माथा कापला जातो. परंतु तो कात्रीने कापल्यासारखा एकदम नव्हे, तर वाळूचा ढीग तळहाताने चोपावा तसा गोलाई राखून. कापलेल्या लाटेतून मूळ स्वराच्या वरचे उपस्वर उमटतात आणि नाद दाट, खरखरीत व लांब टिकणारा होतो. हाच आपला फाटलेला आवाज! त्या काळी तरुणांस त्याचे एवढे वेड की ‘किंक्स’ या वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिस यांनी १९६४च्या सुमारास कर्ण्याचा कागद पात्याने अक्षरशः फाडला आणि तो आवाज ध्वनिमुद्रिकेवर नेला.

दुपारी चिरंजीवांनी तासाच्या भाड्याने मिळणारी तालमीची एक खोली घेतली होती. त्यांचा एक वेल्श मित्र गिटार घेऊन आला. खोलीत तीन यंत्रे मांडलेली. एक मार्शलचेच १९८१ सालचे ‘जेसीएम ८००’ या घडणीचे. दुसरे कॅलिफोर्नियातील मेसा बुगी कंपनीचे ‘रेक्टिफायर’, १९९०च्या दशकाच्या आरंभीच्या घडणीचे. तिसरे मिसिसिपी राज्यातील पीव्ही कंपनीचे ‘६५०५’. हे मुळात १९९२ साली एडी व्हॅन हेलन यांच्यासाठी ‘५१५०’ या नावाने निघाले. ते कंपनी सोडून गेल्यावर त्याचे नाव बदलले. तिन्ही यंत्रांत स्वर एका व्हॉल्व्हमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा ओतला जातो. मार्शलमध्ये असे व्हॉल्व्ह तीन, इतर दोहोंत त्याहून अधिक.

परीक्षा आमच्या पद्धतीने व्हावी, असा आम्ही आग्रह धरला. गिटार तीच, बोटे तीच, बारा-बारा इंची चार कर्ण्यांची पेटीही तीच आणि आवाजाची उंची सारखी. कारण जो मोठ्याने बोलतो तो हुशार वाटतो, हा अनुभव वर्गात रोजचा आहे. आम्ही भिंतीकडे तोंड करून, कानांत बोळे घालून बसलो. यंत्रांना नाव नव्हते, फक्त क्रमांक. कागदावर आम्ही रकाने आखले. सौभाग्यवती सहपरीक्षक.

पहिल्या क्रमांकाचा आवाज मधल्या पट्टीत भरलेला, कंठातून निघाल्यासारखा. तो ओरडत होता, पण शब्द कळत होते. वादकाने गिटारवरची कळ थोडी उतरवली की तोच आवाज निवळे, बोट जोराने पडले की पुन्हा गुरगुरे. दुसऱ्याचा खर्ज असा की खुर्ची हलली. मधला भाग मागे, वर धार आणि खाली गडगडाट. “हा तर ढोल-ताशाच आहे,” सौभाग्यवती म्हणाल्या आणि त्यांनी त्यास दहापैकी चार दिले. तिसरा आवळलेला, तुटक, धारदार. तार हाताने दाबली की क्षणात थांबे. जलद वाजवतानाही एक घाव दुसऱ्यात मिसळत नव्हता. टिपण वाचून दाखवल्यावर उत्तर कळले. पहिला मार्शल, दुसरा मेसा, तिसरा पीव्ही.

चिरंजीवांनी कारणे सांगितली. मार्शलच्या शेवटच्या टप्प्यात ईएल ३४ हे युरोपीय घडणीचे व्हॉल्व्ह, त्यांचा मधला पट्टा पुढे येतो; अमेरिकन यंत्रांत ६एल६, त्यांचा खर्ज भरदार. परंतु सारे श्रेय व्हॉल्व्हचे नव्हे; टप्प्याटप्प्यांच्या मध्ये खर्ज किती गाळायचा, यावरच आवाज सैल राहणार की आवळला जाणार हे ठरते. शंभर वॅटचे यंत्र दहा वॅटच्या यंत्राहून कानाला दहापट नव्हे, जेमतेम दुप्पट मोठे लागते, हेही त्या दिवशी कळले.

आम्ही एक शंका काढली. वादक सारखे दोनच स्वर का जोडतो? गंधार का घेत नाही? चिरंजीवांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, “बाबा, हा षड्ज-पंचम आहे. दोन स्वर एकत्र फाटले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे स्वर निघतात. षड्ज-पंचमाचं प्रमाण दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे खालचा षड्ज. तो आपोआप भरतो. गंधार घेतला की गोंधळ होतो.”

आम्ही थक्क झालो. षड्ज-पंचम म्हणजे तर आपला तंबोरा! आणि तंबोऱ्याची जवारी तरी दुसरे काय आहे? घोडीवर तारेखाली दोरा सरकवावा, तार घोडीला किंचित घासावी आणि त्या घासण्यातून उपस्वरांचे मोहोळ उठावे. दोरा काढला तर तार ‘शुद्ध’ बोलते, पण तंबोरा बोलत नाही. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जी खरखर तासून-तासून साधली, तिची एक दूरची बहीण हॅनवेलच्या त्या दुकानात जन्मली, असे म्हणावयास हरकत नसावी. एकीत शांती आहे, दुसरीत धुमश्चक्री. आमचे मन अर्थातच तंबोऱ्यापाशी राहील. पण ‘दोष’ हा शब्द आम्ही कागदावरून खोडला.

सायंकाळी त्यांच्या खोलीवर आलो. लंडनात मे महिन्यात साडेआठपर्यंत उजेड असतो. टेबलावर लाकडी पेटीतले एक लहानसे यंत्र होते, दोनच व्हॉल्व्हचे, जेमतेम पाच वॅटचे. त्यांनी स्वतः जुळवलेले. आजकाल हेच आवाज संगणकाच्या करामतीने व्हॉल्व्हशिवायही काढता येतात आणि पुष्कळ तरुण तसेच करतात. व्हॉल्व्हचे कारखाने जगात आता मोजकेच उरले आहेत. रशियात, स्लोव्हाकियात, चीनमध्ये. “मग ही खटपट कशाला?” आम्ही विचारले. त्यांनी उत्तर न देता कळ दाबली. दिवा लागला, आवाज नाही. आम्ही तिघेही थांबलो. हळूहळू काचेच्या आत नारिंगी उजेड धरला. ते थांबणे आमच्या ओळखीचे होते.

मोठ्या नळीवर पुसट अक्षरे होती. आम्ही चष्मा सावरून वाचली. बी. ई. एल. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, एकेकाळी आपल्याच राज्यात घडलेला ईएल ८४! जुन्या मालातून त्यांनी तो मुद्दाम शोधून आणला होता. आपल्या रेडिओतही शेवटचा व्हॉल्व्ह हाच होता, असे ते म्हणाले. आम्ही बोट पुढे केले, तर त्यांनी हात धरला. “गरम आहे, बाबा.”

तेरा वर्षे जे बोलावयाचे राहिले होते, ते आम्ही तेव्हा बोललो. “त्या रेडिओच्या बाबतीत आमचे चुकले.”

चिरंजीव क्षणभर थांबले. मग म्हणाले, “त्याचा ट्रान्सफॉर्मर जळलेला होता, बाबा. तो चाललाच नसता.”

हे खरे होते की आमचे मन राखण्यासाठी होते, हे आम्ही विचारले नाही. शिक्षकाने प्रत्येक उत्तर तपासलेच पाहिजे, असे नाही. त्यांनी गिटार घेतली, षड्ज-पंचम छेडला आणि आवाज हळूहळू फाटेपर्यंत चढवला. सौभाग्यवतींनी खिडकी लावून घेतली, शेजाऱ्यांस त्रास नको म्हणून. आम्ही “कमी करा” म्हणालो नाही.

यंदा जूनमध्ये शाळा उघडल्यावर प्रयोगशाळेच्या कपाटातील एक बिघडलेला ध्वनिवर्धक आम्ही नववीच्या दोन मुलांच्या हवाली केला आहे. सहामाहीत त्यांचे गुण घसरले, तर काय करायचे ते तेव्हा पाहू.