टक्केवारीचा रकाना

दहावीला मला ६१ टक्के पडले आणि अकरावीला ५८. वर्गात नव्वदीच्या वरचे बरेच जण आहेत, त्यामुळे हे आकडे लिहिताना अजूनही हात आखडतो. बाकीची यादी मात्र लांबलचक. क्रॉस कंट्रीत हाऊसचा कॅप्टन, बॉक्सिंगचे कलर्स, एन.सी.सी.चं 'ए' सर्टिफिकेट, बँडमध्ये साइड ड्रम. सुट्टीत घरी गेलो की आई पदकं पुसून ठेवते आणि बाबा मार्कशीट मागतात.

एन.डी.ए.साठी बारावी पास झालं की पुरे, गुणवत्ता यादीत तिचे टक्के धरत नाहीत, हे आपल्या शाळेत सहावीतल्या पोरालाही ठाऊक असतं. लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि एस.एस.बी. ९०० गुणांची. मी यातून सोयीचा तेवढाच अर्थ काढला. लेखीतले ३०० गुण नुसत्या गणिताचे असतात आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापतात, याची आठवण जानेवारीत झाली. मग शेजारच्या पलंगावरच्या हरियाणवी मित्राशी करार केला. त्याने मला इंटिग्रेशन शिकवायचं, मी त्याला पहाटे पळवायचं. एप्रिलच्या परीक्षेत दोघंही पास झालो.

ऑगस्टमध्ये भोपाळला एस.एस.बी. होती. पहिल्याच दिवशी तिथे स्वतःची सगळी माहिती लिहायचा फॉर्म मिळतो. टक्केवारीचा रकाना मी बारीक अक्षरात भरला, खेळांचा ठळक. छंदांपुढे जागा उरली होती म्हणून 'वाचन' असं लिहून टाकलं.

मुलाखतीत साहेबांनी शेवटचं वाचलेलं पुस्तक विचारलं. मी अडखळलो. शेवटी म्हणालो, "सर, जागा रिकामी दिसत होती म्हणून लिहिलं." ते रागावले नाहीत. ६१ टक्क्यांबद्दल विचारलं, तर अभ्यास केला नाही हे सांगून टाकलं. मग क्रॉस कंट्री निघाली आणि मी खुर्चीत ताठ झालो. हे माझं मैदान!

"तू कितवा आलास?"

"दुसरा, सर."

"तुमच्यात प्रत्येक मुलाच्या नंबराचे गुण हाऊसला मिळतात ना? मग तुझ्या हाऊसचा शेवटचा मुलगा कितवा आला?"

मला माहीत नव्हतं. तो मुलगा कोण, हेही आठवेना. कॅप्टन मीच होतो.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स झाली आणि निवडलेल्यांचे चेस्ट नंबर वाचले. माझा नव्हता. त्या एका प्रश्नामुळेच नापास झालो असं मी म्हणत नाही, पाच दिवसांत बाकीही पुष्कळ झालं होतं. पण परतीच्या गाडीत रात्रभर तोच प्रश्न डोक्यात होता.

शाळेत आल्यावर फायलीत जुना निकाल शोधला. आमचा शेवटचा मुलगा तेव्हा आठवीत होता. पोटऱ्यांत गोळे आल्यामुळे निम्मं अंतर चालत आला होता. मी तेव्हा पदक घेऊन फोटो काढत होतो. सप्टेंबरपासून रोज पी.टी.च्या आधी त्याला घेऊन पळतो. इतकं हळू पळणं मला फार जड जातं. पहिला आठवडा माझी चिडचिडच झाली आणि ती त्याला कळलीही असणार, कारण एक दिवस तो म्हणाला, "भैया, आप आगे जाइए." गेलो नाही.

डिसेंबरच्या शर्यतीत तो शेवटून अकरावा आला, न थांबता. मी चौथा आलो.

दुसरी लेखी परीक्षाही पास झालो आहे. फेब्रुवारीत पुन्हा एस.एस.बी. आहे, त्यानंतर लगेच बोर्डाची परीक्षा. बाबांनी फोनवर प्री-बोर्डचे गणिताचे मार्क विचारले. ६८ आहेत. "बरं," एवढंच म्हणाले आणि फोन आईकडे दिला.