राजाबाई टॉवरखालची खुर्ची

चर्चगेटला उतरलो की ओव्हल मैदानापलीकडे राजाबाई टॉवर दिसतो. उंची २८० फूट. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावासाठी पैसा दिला, १८७८ साली बांधून झाला. सगळे घड्याळ बघतात. त्याच इमारतीत मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय, हे आमच्या चाळीत कुणाला ठाऊक!

१९९५ साली थोरली एम.ए.ला गेली. तिच्याबरोबर मी वर गेलो. (विहारात शिरावे तशी दाराशी चप्पल काढली, तर तिने डोळे वटारले.) उंच छत, रंगीत काचांच्या खिडक्या. पण माझ्या नजरेत भरली ती खुर्ची. एका माणसाला एक खुर्ची, पुढ्यात हातभर टेबल, आणि ऊठ म्हणणारे कुणी नाही. घरी दहा बाय दहात आम्ही सातजण. सगळे निजल्यावर ती मोरीपाशी पुस्तक उघडी.

परळच्या चाळीत बाबासाहेबांचेही तेच होते. खोली एकच. रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला अभ्यासाला उठवीत, मग स्वतः आडवे होत.

संध्याकाळी तिला म्हटले, “चल, गाडीला गर्दी होईल.”

“पप्पा, तुम्ही व्हा पुढे. बंद होईस्तोवर बसते मी.”