वाढत्या वयाचे ताट

ज्या घरात सोळा-सतरा वर्षांचा उंचापुरा मुलगा रोज मैदानावरून घामाने निथळत परत येतो, त्या घरातील गृहिणीला रात्री भाकऱ्या किती थापाव्यात याचा अंदाज नित्य नव्याने बांधावा लागतो, आणि इतके करूनही त्याच्या बरगड्या मोजता येतात, मनगटे काटकुळीच राहतात, म्हणून आला-गेला पाहुणा “याला काही खायला घालता की नाही?” असा सवाल टाकून जातो. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या माझ्या पुतण्याविषयी हा सवाल मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो ऐकताना माझ्या वहिनीच्या मुद्रेवर उमटणारी व्यथाही मी पाहिली आहे.

वस्तुतः या कृशतेत बहुधा निसर्गाचा क्रमच प्रकट होत असतो. वयात येताना हाडे आधी लांबतात. मुलांची उंची ऐन भराच्या काळात वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढते, वजनाचा भर त्यानंतर काही महिन्यांनी येतो आणि स्नायू त्याहूनही सावकाश भरतात. मुलगा उत्साही असेल आणि वजन मंदगतीने का होईना वाढत असेल, तर केवळ सडपातळपणाचे भय बाळगण्याचे कारण नाही. परंतु वजन अडून बसले अथवा घटू लागले, थकवा विश्रांतीनेही जाईना, दुखापती वारंवार होऊ लागल्या, तर वैद्यकीय सल्ला घेण्यात दिरंगाई करू नये.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० सालच्या शिफारशींप्रमाणे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३३२० किलोकॅलरी ऊर्जा लागते, तर मध्यम श्रम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला २७१०. म्हणजे मुलाने बापापेक्षा अधिक जेवावे हा हावरेपणा नसून त्याच्या वयाचा रास्त हक्क आहे. देह हा मोठा काटेकोर कारभारी आहे: जमा अपुरी पडली की श्वासोच्छ्वास आणि रक्ताभिसरण यांचा नित्य खर्च तो प्रथम भागवतो, मैदानावरील धावपळीची मागणीही कशीबशी पुरवतो, आणि वाढीच्या खात्यातील रक्कम मुकाट्याने तहकूब ठेवतो.

म्हणून मला प्रमाणाइतकेच वेळेचे महत्त्व वाटते. पहाटे उपाशीपोटी सराव, मग धावतपळत शाळा, दुपारी डब्यातल्या दोन पोळ्या, आणि दिवसभराची सारी भूक रात्रीच्या एकाच ताटावर, हा शिरस्ता मोडला पाहिजे. सरावापूर्वी एखादे केळे किंवा दोन खजूर. परतल्यावर दूध आणि दाणे घातलेले पोहे, चालत असतील तर अंडी. डब्यात लोणी लावलेले थालीपीठ आणि मोडाच्या मटकीची उसळ. तिसऱ्या प्रहरी दाण्याचा लाडू. रात्री भाकरी, वरणभात आणि वर साजूक तूप, अशी विभागणी झाली की मोठा आहारही जड होत नाही. धान्यात लायसिन कमी पडते ते डाळ पुरवते, डाळीतील मेथिओनिनची उणीव धान्य भरून काढते. नाचणी आणि दूध लांबणाऱ्या हाडांना कॅल्शियम देतात.

कोल्हापुरात राजर्षी शाहूमहाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले; त्या परंपरेत दूध, तूप आणि बदामाच्या थंडाईचा खुराक हा मेहनतीचाच भाग समजला जाई. तो आदर मला अनुकरणीय वाटतो, ते प्रमाण मात्र नव्हे. कारण उंच उडी घेणाऱ्या मुलाला पैलवानाच्या देहभाराची आवश्यकता नसते. त्या वयाला दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम प्रथिने लागतात, खेळाडूला त्याहून काहीशी अधिक. परंतु पोटभर जेवणाऱ्याला ती डाळी, दूध, दाणे आणि अंडी यांतून मिळतात, आणि त्यासाठी महागड्या भुकटीच्या डब्यावर घराची मिळकत खर्ची घालण्याचे प्रयोजन उरत नाही.

याच घरात खेळणारी मुलगी असेल तर तिच्याविषयी मला अधिक आग्रहाने बोलावेसे वाटते. तिलाही याच वयात सुमारे २५०० किलोकॅलरी हव्यात, आणि मासिक पाळीमुळे लोहाची गरज अधिक. तथापि तिच्या दुसऱ्या भाकरीकडे अजूनही कपाळाला आठी घालून पाहिले जाते. खेळणाऱ्या मुलीची ऊर्जा सातत्याने अपुरी पडली तर पाळी थांबते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि ही हानी बाहेरून दिसत नसल्याने ती शिस्त म्हणून वाखाणली जाते. मैदानावरचे यश कोणाच्या वाट्याला येईल हे कोणासही सांगता येणार नाही; वाढीची वर्षे मात्र मोजकी असतात आणि एकदा सरली की कोणत्याही उपायाने परत मिळत नाहीत. म्हणून त्या वर्षांत भावाच्या आणि बहिणीच्या भुकेला सारखाच मान देणे, आणि तोही टोकल्यावाचून, हे मी घराचे पहिले कर्तव्य मानतो.